बाल्ट्राचे इग्वाना, सेमूरची सकाळ

सफरीचा शेवटचा दिवस म्हणजे बॅगा भरायच्या आणि विमान गाठायचं, असं बहुतेकांनी मनाशी धरलेलं असतं. गालापागोसच्या अनेक बोटसफरी बाल्ट्रा बेटावरच्या विमानतळाशी संपतात. विमानाला वेळ असेल तर बोट त्या सकाळी शेजारच्या नॉर्थ सेमूरला नांगर टाकते. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. उजाडता उजाडता रबरी होडी खडकाला लागते आणि वाटाड्या बजावतो: आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं.

पक्ष्यांना हा नियम ठाऊक नसतो. निळ्या पायांचा बूबी वाटेच्या अगदी कडेला अंडी उबवत बसलेला असतो. घरटं म्हणून काटक्या नाहीत, उघड्या जमिनीवर विष्ठेचं पांढरं कडं तेवढं. थोडं पुढे खुरट्या झुडपांवर फ्रिगेट पक्ष्यांचे नर गळ्याखालची लालभडक पिशवी फुगवून मादीची वाट पाहत असतात. मागची राखाडी झाडं पालो सांतोची. कोरड्या दिवसांत निष्पर्ण उभी राहणारी ही झाडं आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या कुळातली. यांचाही डिंक धुपासारखा जाळतात.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,000 किलोमीटरवरची ही सारी बेटं ज्वालामुखींनी घडवली. सेमूर मात्र डोंगरासारखं उंच नाही, सपाट आहे. समुद्राच्या तळाशी थिजलेला लाव्हा पुढे वर उचलला गेला, त्याचं हे बेट झालं.

या सपाटीवर पिवळसर, जाडजूड भूचर इग्वाना निवडुंगाखाली पडून असतात. निवडुंगाचं पान गळून खाली पडलं की इग्वाना पुढच्या पायानं ते खरवडतो, मोठे काटे काढतो आणि मग सावकाश गिळतो. प्रवासी भराभर फोटो काढतात. हे दृश्य हजारो वर्षं असंच चालत आलं असेल, असं कुणालाही वाटावं.

पण सेमूरवर इग्वाना मुळात नव्हतेच. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन हॅनकॉक यांच्या मोहिमेतल्या लोकांना बाल्ट्रावरचे इग्वाना उपाशी, हाडं निघालेले दिसले. त्यांनी सुमारे 70 इग्वाना उचलले आणि सेमूरवर सोडले. ही निव्वळ माणसाची ढवळाढवळ होती, आणि तिनंच हा वंश वाचवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बाल्ट्रावर हवाई तळ उभारला आणि 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे एकही इग्वाना उरला नाही. सेमूरच्या वंशातून चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात पिल्लं वाढवली गेली आणि 1991पासून ती बाल्ट्रावर परत सोडण्यात आली. आज विमानतळाच्या रस्त्यावर बस हळू चालवावी लागते ती त्यांच्यासाठी.

गोष्ट इथे थांबत नाही. 1835च्या ऑक्टोबरात डार्विन सँटियागो बेटावर उतरला, तेव्हा इग्वानांच्या बिळांमुळे तंबू ठोकायला धड जागा सापडेना, असं त्यानं नोंदवलं. पुढे माणसांनी आणलेली डुकरं आणि इतर जनावरं तिथे माजली आणि इग्वाना नाहीसे झाले. शेळ्या-डुकरांचा बंदोबस्त झाल्यावर 2019च्या जानेवारीत सेमूरवरून 1,400हून अधिक इग्वाना सँटियागोवर नेण्यात आले. 2022मध्ये तिथे जन्मलेली पिल्लंही आढळली. 2019च्या त्याच जानेवारीत सेमूरवरच्या उंदरांचा नायनाट करायला विषारी आमिष ड्रोनमधून टाकलं गेलं. उंदीर पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं फस्त करतात.

गालापागोसची जाहिरात ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ अशी होते. ती चुकीची आहे, आणि अन्यायाचीही. माणसांनी इथे जे बिघडवलं ते माणसंच चिकाटीनं दुरुस्त करत आहेत, आणि त्या कष्टांचं श्रेय या जाहिरातीत पुसलं जातं.

सकाळची फेरी आटोपून प्रवासी बाल्ट्राला पोचतात, तिथे सामानाची तपासणी होते. शंख, दगड, वाळू, काहीच नेता येत नाही. हा जाच वाटणाऱ्यांनी 2021चा मार्च आठवावा. याच विमानतळावर एका सुटकेसमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली महाकाय कासवांची 185 पिल्लं सापडली होती. काही तोवर मेली होती. गालापागोस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क बहुतेक परदेशी प्रौढांसाठी 1 ऑगस्ट 2024पासून 100 डॉलरचं 200 डॉलर झालं, तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. उंदीर हटवणं, पिल्लं वाढवणं, बॅगा उघडून पाहणं ही कामं वर्षानुवर्षं करावी लागतात. त्यांच्या मानानं ही रक्कम फार नाही.