टाके निघाले, टेंडन अजून कच्चा

विळीवर लाल भोपळा चिरताना हात निसटला आणि उजव्या हाताची अनामिका व करंगळी तळव्याजवळ खोलवर कापली. एका मेसच्या पोळ्या लाटणाऱ्या या बाईंची शस्त्रक्रिया चांगली झाली. बाराव्या दिवशी टाके निघाले, जखमही कोरडी होती. पाचव्या आठवड्यात घरी कोणी नव्हते म्हणून त्यांनी स्प्लिंट काढून ओली चादर पिळली. बोटात ‘टच्’ असे काहीतरी झाले. फारसे दुखलेही नाही, पण त्यानंतर करंगळी वाकेना. जोडलेला टेंडन तुटला होता.

‘सांगितलेले ऐकले नाही,’ असे घरचे म्हणाले. सांगितले काय होते, तर ‘हात वापरू नका’. घर चालवणाऱ्या बाईने ते तीन महिने पाळायचे कसे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून निघालेले दोरीसारखे टेंडन बोटांच्या हाडांपर्यंत जातात. नेफ्यातून नाडी सरकावी तसे ते अरुंद बोगद्यातून सरकतात. तुटलेली नाडी गाठ मारून ओवली की गाठ नेफ्यात अडकते. टेंडनचेही तसेच आहे. अजिबात हलवला नाही तर तो आजूबाजूला चिकटतो आणि बोट आखडते; जोर लावला तर शिवण सुटते. म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम चुकवायचे नाहीत आणि मनाने वाढवायचेही नाहीत. त्वचा १० ते १४ दिवसांत सांधते, पण टेंडनला कामापुरती ताकद यायला साधारण १२ आठवडे लागतात. हात दुखायचा थांबतो, तेव्हाच खरी जपणूक सुरू होते.

स्प्लिंट बहुधा सहा आठवडे असतो, झोपेतही आणि आंघोळीतही. आंघोळीला हातावर मोठी प्लास्टिकची पिशवी चढवून कोपराखाली चिकटपट्टीने बंद करावी, स्टुलावर बसावे. बादली दुसऱ्याने भरून ठेवावी. कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. परकराला, पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक लावून घेतले की रोजची एक ओढाताण वाचते. हात लोंबकळत ठेवला की सुजतो. बसताना, झोपताना तो उशीवर, छातीपेक्षा उंच असावा. झोळीत मात्र दिवसभर अडकवून ठेवू नये, खांदा धरतो.

ओपीडीत ज्यावर कोणीच बोलत नाही, ती गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे जेवायचा हात वेगळा आणि शौचाचा वेगळा. उजव्या हाताची शस्त्रक्रिया झाली की डाव्या हाताने जेवणे अनेकांना, विशेषतः वयस्कर बायकांना, नकोसे वाटते. मग त्या दोन घास कमी खातात किंवा स्प्लिंटमधून बाहेर आलेल्या बोटांनी पोळी तोडायला बघतात. पोळीचा तुकडा तोडायला चिमटीत जोर लागतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. वाढणाऱ्याने पोळी कुस्करून, भाजीत कालवून, चमचा घालूनच ताट द्यावे. डावा हात बांधलेला असेल तर अडचण शौचाची. उजव्या बाजूला, सहज हात पोचेल असा पाण्याचा जेट बसवून घेता आला तर उत्तम. आजारपणात शिवाशिवीचा विचार बाजूला ठेवावा, साबणाने हात धुतले की पुरे.

तंबाखूचेही सांगायला हवे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. बिडी-सिगारेट बंद केली असे पुरुष सांगतात. मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत.

बोट पांढरे किंवा निळे पडले, गार लागले, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, किंवा वाकणारे बोट एकाएकी वाकेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुटलेला टेंडन मागे खेचला जातो. उशीर होईल तसे जोडणे अवघड होते.

स्प्लिंट निघाल्यावर तोंड पुसणे, बटण लावणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी हलकी कामे डॉक्टरांना विचारून सुरू करता येतात. कणीक मळणे, कुकरचे झाकण फिरवणे, बादली, सिलिंडर आणि दुचाकी मात्र १२ आठवड्यांनंतर, तेही हात तपासून घेतल्यावरच.

त्या बाईंची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. या वेळी घरी जाण्याआधी नवरा आणि मुलगा दोघांना बोलावून कामांची यादी केली गेली. पोळ्या बाहेरून आणायच्या, पाणी मुलाने भरायचे, चादरी नवऱ्याने पिळायच्या.