द्राक्षबागेंतील लहान ट्रॅक्टर व त्याची निगा

मार्गशीर्ष-पौषांत भल्या पहांटे द्वारकेच्या चौकांत क्षणभर उभें राहिलें, म्हणजे नाशिक जिल्ह्याची शेती डोळ्यांसमोरून जाऊं लागते. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याकडील रस्ता यांची येथें गांठ पडते. भाजीपाल्याचे टेम्पो, पेट्यांनीं भरलेल्या मालमोटारी, आणि त्या गर्दींत मधूनच एखादा बुटका ट्रॅक्टर, त्यावर मफलरांत कान गुंडाळून बसलेला चालक, हें दृश्य आमच्या नित्य परिचयाचें आहे. आडगांव, ओझर, पिंपळगांव, निफाड, दिंडोरी या बाजूंच्या आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं असा लहान ट्रॅक्टर आहे. वडील माणसें तो चालवितात. मुलें त्याच्या भोंवतीं वावरतात आणि त्याची अश्वशक्ति व किंमत तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु त्यास रोज काय हवें असतें, थंडींत तो कां रुसतो, आणि त्याच्यापासून आपला जीव कसा जपावा, हें विचारलें असतां बहुतेक मुलें गप्प बसतात. यास्तव त्याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

द्राक्षाच्या दोन ओळींत बहुधा आठ ते दहा फुटांचें अंतर असतें, आणि डोक्यावर तारांचा मांडव असतो. अशा बोळांत पन्नास अश्वशक्तीचें धूड घातलें, तर काड्या मोडतील व त्याच्या भारानें मुळांवरील माती दबून कठीण होईल. म्हणून १५ ते ३० अश्वशक्तीचा, अरुंद व ठेंगणा ट्रॅक्टर बागाइतदार पसंत करतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली, कीं पुढील चार-साडेचार महिने त्यास विसांवा नसतो. फवारणी, दोन ओळींमधील मशागत, खताची वाहतूक, आणि बागेबाहेर गव्हाची व उन्हाळ कांद्याची जमीन तयार करणें, हीं सारीं हिंवाळ्याचीं कामें त्याच्याच शिरीं पडतात. त्यांत फवारणी सर्वांत निकडीची. अवकाळी पाऊस आला किंवा पानें दंवानें भिजून राहिलीं, कीं केवडा, ज्यास शेतकरी डावणी म्हणतात तो रोग, थोड्याच दिवसांत बागभर पसरूं शकतो. त्या सकाळीं ट्रॅक्टर चालू झाला नाहीं, तर वर्षाचें उत्पन्न आणि त्यावर काढलेलें कर्ज या दोहोंचा प्रश्न उभा राहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या भयानें शेतकरी तो विकत घेईनात. आज आपण अगदीं दुसऱ्या टोंकास गेलों आहों. 'लोखंडाचें तर यंत्र, त्यास काय होणार!' असें म्हणून आपण निश्चिंत राहतों. बैल थकला तर मान टाकतो, पायांत कांटा गेला तर लंगडतो, भूक लागली तर हंबरतो. त्याचें दुखणें धन्यास दिसतें. ट्रॅक्टर बोलत नाहीं. दसऱ्याला झेंडूची माळ घालून त्याची पूजा करणारे पुष्कळ आहेत. परंतु पोळ्याच्या दिवशीं न्हाऊं घातलेल्या बैलास दुसऱ्या दिवशींही वैरण-पाणी लागतेंच, ही गोष्ट ट्रॅक्टरच्या बाबतींत आपण विसरतों.

ट्रॅक्टरची वैरण म्हणजे रोज सकाळचीं दहा मिनिटें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा असावा व इंजिन थंड असावें. प्रथम डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी, काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं तें पाहावें. तेल कमी असेल तर इंजिनाचे भाग एकमेकांस घांसून खातात. अधिक असेल तर तेंही अपायकारकच. मग रेडिएटर पाहावा. इंजिन तापलेलें असतांना त्याचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें एकदम उसळतें व तोंड भाजतें. पुष्कळ लोक त्यांत विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ओततात. अशा जड पाण्याचा थर किटलीच्या तळाप्रमाणें आंतून बसतो व उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. बर्फाळ देशांत कूलंट घालतात तो मुख्यतः पाणी गोठूं नये म्हणून. कारण गोठतांना पाण्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें व इंजिनाचें ओतीव लोखंड तडकतें. आपल्याकडे तें भय नाहीं. तरी गंज व थर टाळण्यासाठीं कूलंट येथेंही हवाच. रेडिएटरच्या जाळींत अडकलेला पालापाचोळा व औषधाचा पांढरा थर मऊ ब्रशानें व पाण्याच्या हलक्या धारेनें काढावा.

यानंतर हवा गाळणारा एअर फिल्टर. एक लिटर डिझेल पूर्ण जळावयास निदान दहा हजार लिटर हवा लागते. हिंवाळ्यांत शेतें कोरडीं व रस्ते धुळीचे. ती हवा धुळीसकट आंत गेली, तर इंजिन कानशीनें घांसल्यासारखें झिजेल. फिल्टर तेलाच्या भांड्याचा असेल तर भांड्यांतील गाळ पाहून तेल बदलावें. कागदी असेल तर हलक्या दाबाच्या हवेनें आंतून बाहेर फुंकावा, दगडावर आपटूं नये. ट्रॅक्टर काळा धूर ओकूं लागला, म्हणजे पुष्कळ वेळां त्याचें नाक चोंदलेलें असतें. शेवटीं टायरांतील हवा, चाकांचे नट, क्लच व ब्रेक यांची चाल पाहावी, आणि ग्रीसगननें सांध्यांत ग्रीस भरावें.

तेल व फिल्टर केव्हां बदलावे, हें मुख्यतः मीटरवरील तासांवर ठरतें. नव्या ट्रॅक्टरचें पहिलें तेल बहुधा ५० तासांनीं, आणि पुढें सुमारें २५० तासांनीं बदलतात. आपल्या ट्रॅक्टरसंबंधीं नेमका आंकडा त्याच्या पुस्तकांत छापलेला असतो. हें पुस्तक पुष्कळ घरीं फडताळांत, पिशवींतून बाहेरही न काढलेलें, आम्हांस आढळलें आहे. तें घरच्यांस वाचून दाखविण्याचें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाचें आहे.

आतां थंडीविषयीं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ती नसते. तेथें हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यांत दाबली जाते, त्या दाबानें तिचें उष्णतामान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातें, आणि अशा हवेंत डिझेलचा फवारा पडतांच तें पेटतें. निफाडकडे कांहीं वर्षीं पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. त्या पहांटे इंजिनाचें थंड लोखंड ही उष्णता शोषून घेतें, तेल घट्ट झालेलें असतें, आणि बॅटरीची शक्तिही थंडीनें घटलेली असते. तिन्ही अडचणी एकाच वेळीं उभ्या राहतात. म्हणून ज्या ट्रॅक्टरला हीटर प्लग आहे, तेथें किल्ली अर्धी फिरवून त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावें. क्लच दाबून स्टार्टर द्यावा, परंतु एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये. इंजिन न लागल्यास मिनिटभर बॅटरीस विसांवा द्यावा. कोणी फिल्टरच्या तोंडाशीं चिंधीचा बोळा पेटवितात, ही रीत घातक आहे. इंजिन लागल्यावर चार-पांच मिनिटें तें मंद चालूं द्यावें, मगच काम घ्यावें. मात्र हें दारें लावलेल्या शेडमध्यें कदापि करूं नये, कारण धुरांतील विषारी वायूस ना रंग ना वास.

बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर आधीं ऋण टोंकाची, मग धन टोंकाची तार सोडावी, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें तीं टोंकें धुवावीं, कोरडीं करून वर व्हॅसलीन लावावें, आणि तारा उलट क्रमानें जोडाव्या. डिझेलची टाकी सायंकाळींच भरून ठेवावी. रिकाम्या टाकींतील हवेचें बाष्प रात्रीं थंडीनें दंवासारखें जमतें व पाणी होऊन तळाशीं बसतें. लडाखांत तर साधें डिझेलच थिजतें. त्या प्रदेशासाठीं २०१९ सालीं उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें निराळें डिझेल काढण्यांत आलें. आपली अडचण त्या मानानें लहान आहे, आणि आदल्या सायंकाळच्या सावधपणानें ती बहुतेक टळते. त्याच सायंकाळीं फवारणीचा ब्लोअर स्वच्छ पाण्यानें आंतून-बाहेरून धुवावा. बोर्डो मिश्रणांतील मोरचूद वेलीस तारतें, परंतु लोखंडास खातें.

ट्रॅक्टरमध्यें सुधारणा करण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रंगीत दिवे, गाण्यांचें यंत्र यांवर खर्च होतो. कांहीं जण तर डिझेलच्या पंपाचें सील तोडून जोर वाढवूं पाहतात व इंजिनाचें आयुष्य घटवितात. खरी सुधारणा ती, जी कामास व जिवास उपयोगी पडते. फवारणीची टाकी ४०० लिटरांची असेल, तर नुसत्या पाण्याचेंच वजन ४०० किलो. तें मागें लटकतांच पुढचीं चाकें हलकीं होतात व स्टिअरिंग ऐकत नाहीं. तेथें पुढें बसवावयाचीं वजनें घ्यावीं. ट्रॅक्टर उलटल्यास चालकास वांचविणारी लोखंडी चौकट मिळते. दुमडणारी चौकट मांडवाखालीं आडवी करतां येते, परंतु बाहेर येतांच ती उभी करावी व पट्टा बांधावा. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढें तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु जवळजवळ नाहींसे झाले.

रस्त्यावर येतांना दोन ब्रेक कडीनें एकत्र जोडावे. शेतांत वळण घेण्यासाठीं ते निराळे वापरतात. पण रस्त्यावर वेगांत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन् फिरतो. धुक्यांत द्वारकेकडे येणाऱ्या ट्रॉलीस मागें लाल दिवा व चमकणाऱ्या पट्ट्या नसतील, तर मागून येणाऱ्या मोटारीस ती दिसतच नाहीं. आणि वयाचीं १८ वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं येईपर्यंत मुलांनीं ट्रॅक्टर रस्त्यावर आणूं नये, हें सांगणें आम्हांस शिक्षक या नात्यानें भागच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हीं शेवटासाठीं राखून ठेविली आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागून ब्लोअरकडे शक्ति नेणारा जो फिरता दांडा असतो, त्यास पी. टी. ओ. शाफ्ट म्हणतात. तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. मुलांनो, गणित मांडून पाहा. दांड्याचा व्यास दोन इंच धरला, तर परीघ सुमारें सव्वासहा इंच; नऊ फेऱ्यांत त्यावर सुमारें छप्पन्न इंच, म्हणजे जवळजवळ पावणेपांच फूट कापड गुंडाळलें जातें. माणसास 'अरे!' म्हणावयास जितका वेळ लागतो, तितक्यांत गळ्यांतील सबंध मफलर संपतो.

हें आम्ही केवळ गणितावरून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं जानेवारींतील एका पहांटे आमचे एक आप्त आपल्या मळ्यांत फवारणी करीत होते. ब्लोअरची नळी गळूं लागली, म्हणून ट्रॅक्टर चालूच ठेवून ते मागें येऊन वांकले. शाफ्टवरील प्लास्टिकचें आवरण ग्रीस भरतांना आड येतें म्हणून दोन महिन्यांपूर्वीं काढून शेडमधील खुंटीस टांगलेलें होतें. मफलरचें टोंक शाफ्टच्या सांध्यांत अडकलें आणि ते गुडघ्यांवर ओढले गेले. मफलर त्यांच्या वडिलांच्या वेळचा, जागोजाग विरलेला होता. तो फाटला, आणि म्हणूनच माणूस वांचला. गळ्यावरचा वळ कित्येक दिवस गेला नाहीं. त्यांच्या पत्नीनें त्याच आठवड्यांत नवा लोंकरीचा मफलर विणावयास घेतला होता. तो पुरा झाला असता तर, हा विषय त्या घरांत अजून कोणी काढीत नाहीं. खुंटीवरचें आवरण पुन्हां शाफ्टवर बसविण्यास त्या दिवशीं पांच मिनिटें लागलीं.

यावरून नियम एवढाच घ्यावयाचा: आवरणावांचून शाफ्ट फिरवूं नये, फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊं नये, आणि मागें कांहीं बिघडलें तर आधीं पी. टी. ओ. सोडावा, इंजिन बंद करावें, किल्ली खिशांत टाकावी, शाफ्ट पुरता थांबूं द्यावा, मगच हात लावावा. रोटाव्हेटरमध्यें अडकलेली काडी काढतांनाही हाच नियम.

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें शेवटचें सांगणें असें आहे. एक वही करा. तींत मीटरचे तास, तेल बदलल्याची तारीख व झालेली दुरुस्ती लिहीत जा. ट्रॅक्टर चालविण्यास तुम्हांस अजून अवकाश आहे, परंतु त्याची निगा राखण्यास वयाची अट नाहीं. आणि उद्यां पहांटे वडील फवारणीस निघतील, तेव्हां शाफ्टवर आवरण आहे ना, एवढें त्यांस विचारा, व त्यांच्या मफलरचीं दोन्ही टोंकें सदऱ्याच्या आंत नीट खोंचून द्या. हें काम दहा वर्षांच्या मुलासही करतां येतें.