लव न मोडता

गरम इस्त्री मखमलीवर सपाट टेकली की तिच्या तळाची तिकोनी आकृती कापडावर उमटते, वाफेच्या भोकांसकट. सुती कापडाची चुणी पाण्याचा हात मारून काढता येते. मखमलीची लव एकदा आडवी झाली की तेवढा भाग उजेडात वेगळ्याच रंगाचा दिसतो, आणि कापड रेशमी असेल तर शिवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गेल्या दीडशे वर्षांत इस्त्री निखाऱ्यांवरून विजेवर आणि विजेवरून वाफेवर आली. त्या वाटचालीच्या कडेने मखमलीसाठी वेगळी अवजारं घडत गेली. मला त्यांचं मोल जास्त वाटतं, कारण त्यांच्यापुढचं कोडं उलटं होतं: उष्णता तर पोचली पाहिजे, पण दाब पडता कामा नये.

मखमल पूर्वी राजेरजवाड्यांची. बारीक सळ्यांवरून लवेचे धागे घेत विणायचं, मग सळीच्या खाचेतून पातं ओढून धाग्यांचे फास कापायचे, असं ते जिकिरीचं काम होतं. यंत्रमागावर दोन कापडं समोरासमोर एकदम विणून त्यांना जोडणारे धागे सुरीने मधोमध कापण्याची रीत आली आणि कापडाचे ठाण गिरणीतून निघू लागले. इंग्लंडात ब्रॅडफर्डची मॅनिंगहॅम मिल १८७१ च्या आगीत जळाली. सॅम्युअल लिस्टर यांनी ती नव्याने उभी केली, आणि रेशीम व मखमल यांसाठी तिचं नाव झालं. १९११ साली पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला तिथून हजार वार मखमल गेली. पण गिरणीमुळे झालेला मोठा बदल दरबाराबाहेरचा आहे. मखमल मध्यमवर्गीय घरात, साध्या शिवणकरणीच्या हाताखाली आली, आणि ती दाबायची कशी हा प्रश्न घरोघरचा झाला.

व्हिक्टोरियन घरातलं त्याचं एक उत्तर फार देखणं होतं. पायावर बसवलेली आडवी पोकळ नळी, एका टोकाला बंद. सळई विस्तवात तापवून त्या नळीत खुपसायची आणि झालर किंवा मखमली फीत दोन्ही हातांनी ताणून नळीच्या पाठीवरून ओढत न्यायची. इंग्रज तिला इटालियन इस्त्री म्हणत. फितीची उलटी बाजू धातूला लागे आणि लव वर हवेत मोकळी राही. विस्तवातून आलेली सळई नळीच्या आतच राही, त्यामुळे राखेचा किंवा काजळीचा डागही पडत नसे. मोठ्या पन्ह्याच्या कापडाला ही नळी पुरत नसे. मग एकाने तापलेली इस्त्री तळ वर करून धरायची, तिच्यावर ओलं फडकं पसरायचं आणि दुसऱ्याने मखमल उलट्या बाजूने त्या वाफेवरून हळूहळू सरकवायची. इस्त्री पालथी करण्याची ही कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली, त्या व्यक्तीला मखमल पुरती कळलेली होती.

त्यानंतरच्या सुधारणा बहुतेक साध्या इस्त्रीच्या. आयोवाच्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी १८७१ मध्ये काढता येणाऱ्या मुठीच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये विजेच्या इस्त्रीचं घेतलं. मला यांत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते साराह बून यांचं १८९२ चं पेटंट. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे कनेक्टिकटमध्ये स्थायिक झालेल्या या बाईंनी अरुंद, वळणदार, गादी लावलेली इस्त्रीची फळी आखली, खास बायकांच्या पोशाखाच्या बाह्या आणि अंगाचा घाट लक्षात घेऊन. कापडाखाली काय आहे, त्याचा आकार काय आहे, यावर इस्त्रीचं निम्मं यश ठरतं, हा विचार त्या फळीत आहे. भुसा ठासून भरलेली शिंप्याची उशी त्याच विचारातली: एका अंगाला लोकरी कापड, दुसऱ्या अंगाला सुती. छातीचा, नितंबाचा गोलावा तिच्यावर बसवतात.

मखमलीपुरतं या सगळ्यांच्या वर मी सुयांच्या पाटाला ठेवीन. विसाव्या शतकातल्या शिवणकामाच्या इंग्रजी पुस्तकांत मखमलीचा विषय निघाला की तो हटकून भेटतो. मजबूत कापडाच्या पाठीवर बारीक पोलादी तारा दाटीने उभ्या रोवलेल्या. मुंबईच्या कापडगिरणीतलं कार्डिंग खातं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना पिंजणयंत्रावरचा दातांचा पट्टा आठवेल. मखमल सुलटी बाजू खाली करून त्यावर ठेवली की लवेचे केस तारांच्या मधल्या जागेत शिरतात. भार तारांच्या टोकांवर पडतो आणि केस उभेच राहतात. वरून उलट्या बाजूला वाफ द्यायची, शिवण बोटांनी फोडायची आणि इस्त्रीचं नुसतं टोक शिवणीच्या रेघेवरून न्यायचं. पाटाच्या काठावर मात्र फार जपावं लागतं. कापड अर्धं पाटावर आणि अर्धं लाकडावर राहिलं तर काठाची रेघ उमटलीच म्हणून समजा.

हा पाट महाग, आणि आपल्याकडे तर सहजी मिळतही नाही. लग्नसराईत मखमली ब्लाउज शिवणारे कारागीर त्याच्यावाचून अडलेले नाहीत. मखमलीचाच एखादा मोठा तुकडा लव वर करून फळीवर पसरायचा आणि कामाचं कापड त्यावर पालथं घालायचं, म्हणजे लवेत लव गुंतते. जाड टॉवेलवरही भागतं, पण टॉवेलचे फास आखूड लवेवर खुणा सोडतात. स्वतःच्याच कापडाचा तुकडा हा उत्तम उपाय, कारण दोन्हीकडच्या लवेची उंची सारखी असते.

दरम्यान मखमल स्वतःच बदलली, आणि इथे जुन्या पुस्तकांचा सल्ला आंधळेपणाने घेऊ नये. रेशमी लव चेपली तरी वाफेने बरीचशी उठते. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की जवळजवळ निम्मी ताकद गमावतो, म्हणून त्याला वाफ द्यायची पण भिजवायचं नाही, आणि गरम व ओला असेपर्यंत हात लावायचा नाही. आज बाजारातली स्वस्त मखमल बहुतेक पॉलिएस्टरची. हा धागा साधारण ७० ते ८० अंशांना मऊ पडू लागतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार पकडून ठेवतो. त्यावर गरम इस्त्री दाबली तर चेपलेली लव त्याच अवस्थेत कायमची बसते आणि नंतर कितीही वाफ दिली तरी उठत नाही. कपड्यावरच्या चिन्हातलं एक टिंब म्हणजे इस्त्रीचा तळ कमी गरम, दोन टिंबं मध्यम, तीन टिंबं जास्त. एका टिंबावर ठेवलेली वाफेची इस्त्री बऱ्याचदा वाफेऐवजी पाणी थुंकते, आणि ते थेंब रेशमावर व व्हिस्कोसवर डाग पाडतात.

तयार कपड्यांच्या कारखान्यांत आता वर टांगलेल्या बाटलीतून पाणी घेणारी इस्त्री आणि खालून हवा खेचणारं टेबल असतं. सुटाच्या कापडाला हे टेबल वरदान आहे, कारण वाफ लगेच निघून जाते आणि घडी पक्की बसते. मखमलीला तेच खेचणं बाधक, लव फळीला चिकटून चेपते. म्हणून चांगल्या टेबलांत हवा उलटी, खालून वर फुंकण्याचीही सोय असते. कापड हवेच्या थरावर किंचित उचललं जातं, वरून वाफ येते आणि फळीला लव टेकत नाही. लोकरीच्या शिवणीवर लाकडी ठोकळा दाबून वाफ कोंडण्याची जी शिंप्यांची जुनी रीत, तिच्या नेमकी विरुद्ध टोकाची ही.

इतकं सगळं आलं तरी एका ठिकाणी सुयांचा पाट हटलेला नाही, आणि ते ठिकाण म्हणजे जाड शिवण. उभं धरून वाफ मारणारं यंत्र सुरकुती काढतं, पण बाहीचा घेर जिथे खांद्याला जुळतो तिथली चार पदरी शिवण फोडून सपाट बसवणं त्याला जमत नाही. तिथे खालून आधार लागतोच, आणि लव न चेपता आधार देणारं पाटाच्या तोडीचं साधन मला अजून दिसलेलं नाही. पोलादी तारांऐवजी कृत्रिम धाग्यांच्या ताठ केसांचे लवचीक पाट परदेशात मिळतात, ते गुंडाळून ठेवता येतात आणि काठाची रेघही कमी उठवतात. मखमलीचं काम नेहमी येणाऱ्या शिलाईच्या दुकानाने असा एखादा पाट मागवून घ्यावा. लहान, बाहीत शिरेल एवढा असला तरी चालेल.