सतरा प्रभागांचं गाव

२१ डिसेंबर २०२१ ला समुद्रपुरात नगरपंचायतीचं मतदान झालं, पण सगळ्या गावाचं नाही. इतर मागासवर्गासाठी राखीव ठेवलेल्या जागांची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या ६ तारखेला थांबवली होती. पुढे त्या जागा सर्वसाधारण धरून निवडणूक घ्या असा आदेश आला. राज्य निवडणूक आयोगाने त्या प्रभागांसाठी १८ जानेवारी २०२२ ही तारीख दिली आणि सगळ्यांची मोजणी १९ तारखेला एकत्र ठेवली. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, कारंजा, आष्टी आणि समुद्रपूर या चारही नगरपंचायतींची हीच गत झाली. राज्यातल्या शंभरावर नगरपंचायतींत अर्धवट मतदान करून यंत्रं सीलबंद ठेवली गेली.

मोठ्या शहरात याचं कोणाला फारसं वाटलं नसतं. पण जिथे एका प्रभागात काहीशे मतदार असतात आणि एक प्रभाग संपून दुसरा कुठे सुरू झाला हे गल्लीतल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही, तिथे अठ्ठावीस दिवसांचं हे मधलं अंतर फार मोठं असतं. ज्यांचं मतदान उरकलं त्यांना निकाल माहीत नाही, आणि ज्यांचं राहिलं त्यांच्या दारावर सगळ्या पक्षांचे सगळे कार्यकर्ते. नात्यातला एक भाऊ यंत्रात बंद आणि दुसरा अजून हात जोडत फिरतोय, असं चित्र छोट्या गावांतच दिसू शकतं.

समुद्रपूर हे हिंगणघाट विधानसभा मतदारसंघातलं तालुक्याचं गाव. नागपूर-हैदराबाद महामार्गावर चंद्रपूरचा फाटा जिथे फुटतो तो जामचा चौरस्ता याच तालुक्यात, शेख फरीदबाबांची गिरडची टेकडी याच तालुक्यात, आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळदही इथलीच. बाकी कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावातला नगरसेवक काय करतो आणि पक्षाचा प्रचार काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं पुस्तकात वाटतं. गावात तसं वाटत नाही. माझ्या मते याचं कारण नगरसेवकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्यात शोधावं.

२०१४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना, लोकसंख्येची अट बाजूला ठेवून, नगरपंचायत करायचं. समुद्रपूर त्याच लाटेत ग्रामपंचायतीतून बाहेर पडलं. पाटी बदलली, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, सदस्यांना लोक नगरसेवक म्हणू लागले. घरकुलाची योजना ग्रामीणची शहरी झाली. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घराला १ लाख २० हजार मिळत. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळू लागले. रक्कम दुपटीहून जास्त झाली, पण त्यासोबत जागेच्या मालकीचा कागदही आला. गावठाणात, झुडपी जंगलाच्या कडेला, पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाकडे नेमका तोच नसतो. मग योजनेच्या प्रकल्प अहवालात (डीपीआर) नाव आहे का, पट्टा मिळतो का, पहिला हप्ता कधी पडतो, या चकरांमध्ये नगरसेवकाची मोटरसायकल झिजते.

दोन बदल मात्र पाटीवर दिसत नाहीत, आणि मला तेच मोठे वाटतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असतं, मुक्त चिन्हं असतात, आणि कोणतं पॅनल कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असूनही कागदावर ते कोणाचंच नसतं. नगरपंचायतीत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म येतो. उमेदवारी वर्ध्यात किंवा नागपुरात ठरते, निवडून आल्यावर गटनेता नेमला जातो, पक्षाचा आदेश मोडला तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. दुसरा बदल असा की ग्रामसभा संपली. ग्रामपंचायत असताना वर्षातून चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक होतं. कोरमसाठी माणसं शोधावी लागत, भांडणं होत, सरपंच टाळाटाळ करी, हे सगळं खरं. तरी कोणत्याही बाईला उभं राहून हातपंपाचा हिशेब विचारता येत होता. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत बोलायचं ते नगरसेवकांनी. घटनेने प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, ती बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिली.

म्हणजे पक्ष दारात आला आणि सभा दारातून गेली. उरला एक माणूस. सतरा प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, वर एकदोन स्वीकृत.

त्याचं काम सकाळी नळापासून सुरू होतं. ‘काहून गा भाऊ, आज नळ नाही आला?’ हा प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना कोणी विचारत नाही. खांबावरचा दिवा, तुंबलेली नाली, न फिरकलेली घंटागाडी, मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची वाढून आलेली रक्कम ही नगरपंचायतीची कामं झाली. पण लोक तिथे थांबत नाहीत, आणि थांबावं तरी का? संजय गांधी निराधारची प्रकरणं तहसीलमध्ये असतात, पीकविम्याचा पंचनामा कृषी खात्याकडे, रोहित्र जळालं तर महावितरणकडे. यातलं एकही नगरसेवकाच्या अधिकारात नाही आणि सगळ्यात तो हवा असतो. रात्री कोणाला छातीत दुखू लागलं तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यायचं की सावंगीच्या रुग्णालयात, ओळख कुठे आहे, गाडी कोणाची, हे विचारायला फोन त्यालाच येतो. या कामांची नोंद कुठल्याच इतिवृत्तात होत नाही. मतदानाच्या दिवशी मात्र मतदाराला हीच आठवतात.

या सगळ्याला ‘प्रचार’ म्हणायचं का? २०२४ चं उदाहरण घ्या. जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, महिन्याला दीड हजार रुपये. अर्ज भरून द्यायला राज्यभर गल्लोगल्ली कार्यकर्त्यांनी टेबलं मांडली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. बाईचा आधार बँकेशी जोडून देणं ही सेवा, आणि त्या टेबलामागच्या फलकावर कोणाचा चेहरा आहे तो प्रचार. दोघांमध्ये रेघ ओढायला बसलं तर टेबलच चिरावं लागेल. विरोधी पक्षाच्या लोकांनीही अर्ज भरून दिले, कारण नाही दिले असते तर त्यांच्याच प्रभागातल्या बायांनी विचारलं असतं.

निधीचा प्रवाहही पक्षाच्या पाटातून वाहतो. छोट्या नगरपंचायतीच्या स्वतःच्या करात पगार, वीजबिल आणि पाण्याची मोटर जेमतेम भागते. रस्ता, सभागृह, सौंदर्यीकरण यांचा पैसा वित्त आयोगाचा, नगरोत्थानचा, वैशिष्ट्यपूर्ण योजनेचा, नाहीतर आमदार-खासदारांचा. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटी आहे. हिंगणघाटातून २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुका भाजपचे समीर कुणावार जिंकले. वर्धा लोकसभेत २०१४ आणि २०१९ ला भाजपचे रामदास तडस होते, २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे आले. त्यामुळे एकाच गावात आमदार एका बाजूचे, खासदार दुसऱ्या बाजूचे. नगरसेवकाच्या दृष्टीने ही वाईट परिस्थिती नाही. रस्ता एकाकडे मागता येतो, सभामंडप दुसऱ्याकडे, आणि भूमिपूजनाच्या कोनशिलेवर नावांचा क्रम लावताना थोडं डोकं वापरावं लागतं एवढंच.

सेवा आणि प्रचाराचा हा गोंधळ फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नये. स्कॉटलंडमध्येही नगरसेवक दारोदार फिरतो, पत्रकं वाटतो, ठरलेल्या दिवशी वाचनालयात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. पण तिथली मांडणी उलटी आहे. समुद्रपूरएवढ्या गावांना तिथे पूर्वी स्वतःच्या नगरपालिका होत्या. १९७३ च्या कायद्याने १९७५ मध्ये त्या मोडीत निघाल्या. आता साधारण पंचावन्न लाख लोकांच्या देशात फक्त ३२ परिषदा आहेत आणि सव्वाबाराशेच्या आसपास नगरसेवक. म्हणजे एकामागे चार हजारांहून अधिक माणसं. शाळा, वृद्धांची देखभाल, रस्ते असं सगळं परिषदांकडे, आणि नगरसेवकाला २०२५ पासून वर्षाला सुमारे २६ हजार पौंड मूळ वेतन. गावपातळीवर सामुदायिक परिषदा ठेवल्या आहेत, त्यांत पक्ष नाही आणि फारशी सत्ताही नाही. तिथे सत्ता पक्षासोबत दूर गेली आणि सभा गावात उरली. समुद्रपुरात सत्ता गावात आली आणि सभा गेली.

तिथली एक गोष्ट मात्र मला हेवा वाटावी अशी आहे. २००७ पासून स्कॉटलंडमध्ये एका प्रभागातून बहुधा तीन किंवा चार नगरसेवक निवडतात, आणि मतदार पसंतीक्रमाने १, २, ३ असे आकडे लिहितो. त्यामुळे एकाच प्रभागात दोन-तीन पक्षांची माणसं निवडून येतात. एकाशी पटलं नाही तर माणूस दुसऱ्याकडे जातो. समुद्रपुरात प्रभागाला एकच. ज्या घराने त्याला मत दिलं नाही, आणि काहीशे मतांत कोणी दिलं नाही हे लपत नाही, त्या घराची नाली कोणी बघायची? व्यवहारात उत्तर ठरलेलं आहे: हरलेल्या उमेदवाराने. म्हणून छोट्या गावात हरलेला उमेदवार घरी बसत नाही. तो पक्षाच्या आमदाराकडून किंवा खासदाराकडून एखादं काम आणतो, स्वीकृत होण्याची वाट बघतो, आणि पाच वर्षं बिनपदाचा नगरसेवक म्हणून वावरतो. कायद्याने जी दुसरी खुर्ची ठेवली नाही ती पक्षाने ठेवली. पक्षांना उठताबसता शिव्या घालणाऱ्यांनी हेही जमेस धरावं.

हे सगळं वर्धा जिल्ह्यात घडतंय याला एक वेगळा संदर्भ आहे. समुद्रपूर ज्या हिंगणघाट तहसिलीत होतं, तिथे १९४८ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याने जनपद सभा आली होती. द्वारकाप्रसाद मिश्रांची ती योजना. तहसील हाच स्वराज्याचा घटक मानणारी. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली आणि जनपद विस्मरणात गेलं. त्याच १९४८ च्या जानेवारीत, हत्येच्या आदल्या दिवशी, गांधीजींनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ करावा असा मसुदा लिहिला होता: गावात राहणारा, पक्ष नसलेला, मतदारयादीत नावं नोंदवून देणारा सेवक. मार्चमध्ये त्यांचे सहकारी सेवाग्रामला जमले ते याच विचाराचं पुढे काय करायचं म्हणून. विनोबांनी पवनारला बसून पक्षमुक्त गावाचा आग्रह शेवटपर्यंत धरला. सेवाग्रामपासून समुद्रपूर काही फार दूर नाही. तो मसुदा आज वाचला तर त्यातल्या सेवकाची निम्मी कामं नगरसेवक करतोच: यादीत नाव घालणं, आरोग्याची काळजी, स्वच्छता. फक्त मसुद्यातल्या सेवकाला निवडून यायचं नव्हतं. ज्याला निवडून यायचं नाही त्याला मुख्याधिकारी किती दाद देतात, हा प्रश्न गांधी-विनोबांच्या वाटेने जाणाऱ्या सर्वोदयवाल्यांनी कधी फारसा सोडवला नाही.

गांधींच्या जिल्ह्याचं आणखी एक देणं म्हणजे दारूबंदी, सत्तरच्या दशकापासूनची. कागदावर निवडणूक कोरडी. पण समुद्रपूर तालुक्याची हद्द नागपूर आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांना भिडते, आणि चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. पुढचं वाचकाने समजून घ्यावं.

निवडणूक खर्चाची मर्यादा आयोगाने २०२५ मध्ये नगरपंचायत सदस्यासाठी सव्वादोन लाख केली. ऑटोवरचा भोंगा, पत्रकं, कार्यकर्त्यांचा चहा-पोहा यांना तेवढे पुरतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून आणणाऱ्या पोरांची बक्षिसं, भागवत सप्ताहाचा मंडप, आंबेडकर जयंतीचं भोजनदान हा खर्च कोणत्याच हिशेबात येत नाही, कारण तो निवडणुकीच्या काळात होत नाही. तो सगळा पाच वर्षं चाललेला असतो आणि तोच खरा खर्च असतो. म्हणूनच मानधन नाममात्र असलेल्या या पदावर शेतमजूर टिकणं अवघड जातं. कंत्राटदार, कृषी केंद्रवाला, प्लॉटचा धंदा करणारा यांना ते सोपं जातं.

एवढी पाच वर्षांची पेरणी करूनही पुढच्या खेपेला तोच प्रभाग मिळेल याची खात्री नसते. आरक्षण चक्राकार फिरतं. अर्ध्या जागा महिलांच्या, म्हणजे सतरात नऊ. शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग. सोडतीत चिठ्ठी निघाली की नगरसेवकाचा प्रभाग महिलेसाठी राखीव होतो आणि घरातल्या बाईचं नाव पुढे येतं. तिच्याकडून सही आणि त्याच्याकडे फोन, ही तक्रार खरी आहे. पण अशा काही बाया दुसऱ्या वर्षी स्वतःच मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसू लागतात, हेही विदर्भातल्या अनेक छोट्या गावांनी पाहिलं आहे. २०२२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. तोवर प्रभागरचना, हरकती, सोडत असं सगळं व्हायचं आहे. सध्याच्या सतरापैकी आपल्याच गल्लीत पुन्हा उभं राहण्याचा हक्क कोणाला उरेल, हे त्या सोडतीच्या दिवशीच कळेल.