आईबापांचे आजारपण आणि मुलांचा ताबा : काही गैरसमज

रत्नागिरीस मनोरुग्णालय स्थापन झाले ते १८८६ साली, आणि राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची आजही गणना होते. परंतु उपचारांची सोय जेथे इतकी जुनी आहे, तेथेही आईचे नाव एकदा त्या दप्तरी चढले की मुले सरकारजमा होतात, या धास्तीने कित्येक कुटुंबे विकार घरातच दडवून ठेवतात, आणि तो हाताबाहेर गेल्यावरच रुग्णालयाची वाट धरतात.

या धास्तीस कायद्याचा आधार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने असे फर्माविले आहे की, रुग्णालयात उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. तिच्या आजारामुळे बालकास इजा होण्याचा धोका आहे, असे मनोविकारतज्ज्ञाचे मत पडल्यास मूल काही काळ दूर ठेवता येते. पण त्या काळातही देखरेखीखाली तिला त्याची भेट मिळालीच पाहिजे, त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे, आणि तीस दिवसांहून अधिक ताटातूट करावयाची तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घेतली पाहिजे.

रोगाचे निदान झाले की पालकत्व संपुष्टात येते, हा दुसरा समज. क्षय असो, कर्करोग असो वा मनोविकार, बाल न्याय अधिनियम, २०१५ पाहतो तो रोगाच्या नावाकडे नव्हे, सांभाळ करण्याच्या सामर्थ्याकडे. ते सामर्थ्य उरले आहे की नाही, हे अध्यक्ष व चार सदस्य मिळून झालेली बाल कल्याण समिती घरच्या परिस्थितीची चौकशी करून ठरविते, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचाच उपाय मानावा, असे बंधन खुद्द कायद्याने तिच्यावर घातले आहे. वेळीच औषधोपचार घेणाऱ्या आईची बाजू समितीपुढे बळकट असते. भीतीपोटी लांबविलेला आजारच अखेरीस तिला असमर्थ करून सोडतो, आणि माझ्या मते या गैरसमजाची सर्वांत जबर किंमत हीच आहे.

सरकारी साहाय्य म्हणजे बालगृह, हेही खरे नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मूल कुटुंबातच राहते व त्याच्या पालनपोषणासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. गंभीर आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुलेही तीत पात्र ठरू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावयाचा असतो.

राहिला प्रश्न तात्पुरत्या निवाऱ्याचा. आईच्या उपचारांपुरते मूल बालगृहात ठेवले म्हणजे ते कायमचे सोडून दिले, असे होत नाही. मुलावरील हक्क सोडावयाचा झाल्यास पालकास समितीसमोर स्वतंत्र दस्त करून द्यावा लागतो, आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच, घरी मुले किती व त्यांच्याजवळ कोण आहे, हे तेथील समाजसेवा अधीक्षकांस मोकळेपणी सांगावे. आणि मुलांजवळ कोणीच नसेल, तर १०९८ या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.