यात्रेने श्रद्धा नवी होते, पण हे दाखवायचं कसं?

‘यात्रेने श्रद्धा ताजी होते, सेवाभाव जागतो’ असं वाक्य प्रबंधात सहज लिहिलं जातं. फ्रान्समधल्या लूर्दचं उदाहरण घेऊन ते तपासू.

१८५८ मध्ये इथे बर्नादेत या मुलीला मारियामातेचं १८ वेळा दर्शन झालं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. आज तिथे आजारी भाविकांसोबत स्वयंसेवकही येतात. व्हीलचेअर ढकलणं, स्नानकुंडापाशी आधार देणं ही कामं ते करतात, तेही स्वखर्चाने. म्हणजे इथे सेवा हा यात्रेनंतरचा परिणाम नाही, ती यात्रेचाच भाग आहे.

व्हिक्टर आणि ईडिथ टर्नर यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडलं की यात्रेत हुद्दा-दर्जा गळतो आणि माणसं बरोबरीने भेटतात. या अनुभवाला त्यांनी ‘कम्युनिटास’ म्हटलं. जॉन ईड यांनी मात्र लूर्दला स्वतः मदतनीस म्हणून काम केलं होतं. मदतनीस आणि भाविक यांच्यातले ताणही त्यांना दिसले. १९९१ मध्ये मायकल सॅलनाऊ यांच्यासोबत संपादित केलेल्या पुस्तकात त्यांनी ते मांडले.

मग आपण काय करायचं? मुलाखत तीनदा घ्या: निघण्याआधी, परतल्यावर आणि काही महिन्यांनी. ‘श्रद्धा वाढली का?’ असं थेट विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, घरी परतल्यावर कोणाची विचारपूस केली? प्रार्थनेत काय बदललं? आणि हे आधीपासूनच करत होता का? या शेवटच्या प्रश्नाशिवाय श्रेय यात्रेला देता येत नाही.