खेळयंत्राचा दुभाषी

सोलापुरी चादरीवरील नक्षी मागावर येण्यापूर्वीं पुठ्ठ्यांवर उतरलेली असते. जकार्ड मागाच्या पुठ्ठ्यास जेथें भोंक असेल तेथें सुई आंत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. जेथें भोंक नसेल तेथें सुई मागें रेटली जाते व धागा खालींच राहतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार यानें ही युक्ति १८०४ च्या सुमारास पुढें आणली. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग गांवीं एखाद्या होतकरू मुलानें जुन्या संगणकास दांडी व बटणें जोडून घरच्या घरीं खेळाचा पट करावयाचें मनांत आणलें, तर त्याच्यापुढेंही मूळ प्रश्न हाच असतो. कोठें उघडें आहे व कोठें मिटलें आहे, हें यंत्रास कळवावयाचें कसें?

नाणें टाकून खेळावयाचीं पेटीवजा यंत्रें एके काळीं शहरोशहरीं होतीं. १९७८ सालचा स्पेस इन्व्हेडर्स आणि १९८० सालचा पॅक-मॅन हे त्यांतील गाजलेले खेळ. त्या पेट्यांत प्रत्येक बटणाची तार थेट खेळाच्या फळीवर जात असे. पुढें १९९७ सालीं मेम नांवाचा प्रोग्राम निघाला व ते जुने खेळ घरच्या संगणकावर चालूं लागले. परंतु संगणकास दांडीची भाषा येत नाहीं. मेमची अपेक्षा अशी कीं, ५ ही कळ म्हणजे नाणें, १ म्हणजे आरंभ आणि बाणांच्या कळा म्हणजे दिशा. दांडीचें म्हणणें कळांच्या भाषेंत सांगणारा जो दुभाषी, त्याला एन्कोडर म्हणतात. तो बाजारांत तयार मिळतो, आणि ज्याला नुसतें खेळावयाचें आहे त्यानें तो खुशाल विकत घ्यावा.

ज्याला तो स्वतः करावयाचा आहे त्याची दृष्टि प्रथम भंगारांतील एखाद्या कीबोर्डाकडे जाते. त्याच्या आंतली लहानशी फळी काढून घ्यावी, तिला बटणांच्या तारा डाख देऊन जोडाव्या, कीं काम झालें! एकटा खेळणारा असेल तोंवर हें पुष्कळदां चालतेंही. दुसरा खेळगडी शेजारीं उभा राहिला कीं विपरीत घडूं लागतें. न दाबलेलें बटण दाबल्यासारखें होतें, किंवा दाबलेलें बटण कोणी ऐकतच नाहीं. भावंडांचें भांडण जुंपतें तें येथेंच. खेळांत हरल्याचें दुःख मूल सोसतें. न केलेल्या चुकीनें हरल्याचें सोसत नाहीं.

ह्याचें कारण तारांच्या काटकसरींत आहे. कीबोर्डांत शंभरांवर कळा असतात; प्रत्येकीस स्वतंत्र तार देणें परवडत नाहीं. म्हणून नाटकगृहांतील खुर्च्यांप्रमाणें कळांच्या आडव्या रांगा व उभे स्तंभ करतात. फळी एका वेळीं एक रांग निवडते आणि कोणत्या स्तंभांतून प्रवाह वाहतो तें पाहते. आतां पहिल्या रांगेंतील पहिली व दुसरी, आणि दुसऱ्या रांगेंतील पहिली, अशा तीन कळा एकदम दाबल्या आहेत असें समजा. फळी दुसरी रांग तपासूं लागली कीं दुसऱ्या स्तंभांतला प्रवाह पहिल्या रांगेवरून वळसा घेऊन, पहिल्या स्तंभांतून दुसऱ्या रांगेंत उतरतो. चौकोनाचे तीन कोपरे भरले कीं चौथा आपोआप भरल्यासारखा दिसतो! कांहीं कीबोर्ड ही शंका ओळखतात आणि तिसरी कळ नोंदवीतच नाहींत. तेथें भूत टळतें, पण खरा दाब बुडतो.

उपाय अगदीं स्वस्त आहे. प्रत्येक बटणामागें एक डायोड घालावा. १एन४१४८ ह्या सर्वपरिचित जातीचा चालतो. डायोड प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतो, त्यामुळें उलटा वळसा बंद होतो. स्तंभाकडून रांगेकडे प्रवाह जाईल अशी रचना असेल, तर डायोडावरील काळा पट्टा रांगेच्या बाजूस ठेवावा. एक जरी उलटा बसला तरी तें बटण मुकें होतें. म्हणून डाख देण्यापूर्वीं दोनदां पाहावें.

आतां हिशेब. दोन खेळाडूंच्या दोन दांड्यांचे चार-चार स्विच, प्रत्येकीं सहा बटणें, शिवाय आरंभ व नाणें: एकूण चोवीस. आर्डुइनो लिओनार्डो ह्या फळीवर वीस वाटा आहेत. म्हणजे प्रत्येकास एक दिली तर पुरत नाहींत. चार रांगा व सहा स्तंभ केले कीं दहांतच भागतें. ह्या फळीवरील मुख्य चिप यूएसबीची भाषा स्वतःच बोलते, म्हणून मध्यें दुसरा दुभाषी लागत नाहीं. लाकडी पट कसा कापावा हें कोणताही सुतार सांगेल. प्रत्येक स्विचाला बहुधा तीन टोकें असतात. त्यांपैकीं सामाईक टोक व एरव्हीं उघडें राहणारें टोक घ्यावें, तिसरें मोकळें सोडावें.

दोन खोडी मात्र राहतात. फरशीवर नाणें पडलें म्हणजे जसें थरथरतें, तसें स्विचाचें पातेंही मिटतांना थरथरतें, आणि एका दाबाचे चार दाब मोजले जातात. पहिला स्पर्श होतांच तो कळवावा व पुढचे पांच सहस्रांश सेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करावें. आधीं थांबून मग कळविण्याची रीतही आहे, पण जुन्या खेळांत चित्र सेकंदास सुमारें साठ वेळां बदलतें. तेवढ्यांत उशीर नकोच. दुसरी खोड अशी कीं, यूएसबी कीबोर्डाच्या मूळ ठराविक निरोपांत शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा सोडून सहाच कळांना जागा असते, आणि दोघे झटापटीस आले कीं दहा बोटें सहज दाबलेलीं असतात. म्हणून फळीनें आपली ओळख कीबोर्ड म्हणून न देतां गेमपॅड म्हणून द्यावी. मग चोवीस बटणांस चोवीस ठरलेल्या जागा मिळतात, आणि सारा निरोप तीन बाइटांत मावतो. जाकाराच्या पुठ्ठ्यावरही प्रत्येक भोंकाची जागा अशीच ठरलेली असते. मेमला बाणांच्या कळांऐवजीं हीं बटणें ओळखावयास शिकवितां येतें.

ज्याच्या बोटांत कीबोर्डाच्या बारीक कळा दाबण्याचें बळ नाहीं, अशा माणसास तळहातानें किंवा कोपरानें दाबतां येणारें मोठें बटण ह्याच फळीस जोडतां येतें. तेथें खेळाऐवजीं ‘पुढें’, ‘मागें’ आणि ‘हो’ एवढीं तीनच बटणें पुरतात. त्यांना रांगा-स्तंभ लागत नाहींत, डायोडही लागत नाहीं. थरथरीचा बंदोबस्त मात्र लागतो, आणि थरथरत्या हातासाठीं पांच सहस्रांशांऐवजीं कितीतरी अधिक वेळ धरावा लागतो. तो वेळ वापरणाऱ्याच्या शेजारीं बसून, त्याला विचारूनच ठरवावा.